गोशेनेनच्या बाकावरचे अबू सईद

बरेच दिवस इथे, या भुताच्या अनुभवांच्या धाग्यावर, नुसती वाचक आहे. लिफ्टमधली बाई, हॉस्टेलच्या जिन्यावरची पावलं, आमराईतला म्हातारा... सगळं वाचते आणि निम्म्या वेळा हसते. राग मानू नका, स्वभावच तसा आहे. मी आर्किटेक्चर शिकले, बरीच वर्षं दुबईत इमारतींची मॉडेल्स बनवते. माझ्या मॉडेलमधली भिंत वाकडी दिसली तर ती कोणीतरी वाकडी लावलेली असते, आपोआप वाकडी होत नाही. एवढंच माझं तत्त्वज्ञान. माझा नवरा नितीन याला तिरसटपणा म्हणतो.

तेव्हा प्रतिसादांत 'अंधारात भास होतात' असं कोणी लिहायच्या आधीच सांगते — अंधार नव्हता. भर दुपार होती, ट्यूबलाइट होत्या, एसी चालू होता आणि आम्हा सगळ्यांच्या हातात चहा होता. बाई नाही, पावलं नाहीत, कुत्रीसुद्धा रडली नाहीत. होता तो दोन सेंटिमीटर उंचीचा एक अरब गृहस्थ. तपकिरी सुटातला.

आमचं वर्कशॉप दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे. शेजारी बिस्किटांची फॅक्टरी, त्यामुळे दिवसभर व्हॅनिलाचा वास. मी राहते अल कुसैसला, म्हणजे दुबईच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये गेलंय. मालक पाटणकर साहेब, पुण्याचे. त्यांना 'नाही' हा शब्द येत नाही. क्लायंटने चंद्र मागितला तरी ते म्हणतात, "होईल की!" आणि मग माझ्याकडे बघतात. सुतारकाम आणि डोंगर-दऱ्या हमीदभाईंकडे, ते रत्नागिरीकडचे. वायरिंग बिजूकडे, तो केरळचा. रंगकाम आणि बारीक माणसं ग्रेसकडे, ती फिलिपिन्सची. आम्ही एवढेच.

एक दिवस अबू सईद आले. सत्तरी ओलांडलेले, अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, हातात काठी. जबल अलीला त्यांचा ट्रकचा मोठा यार्ड आहे. हिंदी आमच्या बिजूपेक्षा चांगलं.

"मुझे टावर नहीं मांगता," ते म्हणाले. "मुझे पहाड़ मांगता. गोत्थार्ड."

"होईल की... मतलब, हो जाएगा हबीबी!" पाटणकर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

गोत्थार्ड म्हणजे स्वित्झर्लंडमधला आल्प्सचा घाट. सोप्या भाषेत सांगायचं तर आपला बोरघाट, पण अख्ख्या युरोपला पुरेल एवढा. जर्मनीकडचा माल इटलीला आणि इटलीकडचा जर्मनीला जायचा तर मध्ये हा डोंगर आडवा. वरून खिंडीतला जुना वळणावळणाचा रस्ता. त्याच्या खाली, डोंगराच्या पोटातून, शंभराहून जास्त वर्षं जुना रेल्वेचा बोगदा. त्याच्याही खाली, अगदी पायथ्याशी, अलीकडे खणलेला नवा लांबच लांब बोगदा. जुन्या बोगद्याच्या उत्तरेच्या तोंडाशी गोशेनेन नावाचं स्टेशन आणि दक्षिणेला बाहेर पडलं की ऐरोलो. हमीदभाईंना ऐरोली ऐकू आलं, ते म्हणाले, "म्हणजे ठाण्यावरून बदलायची काय?"

अबू सईदना सगळं तोंडपाठ होतं. "पूरा यूरोप का सामान एक पहाड़ के पेट से जाता है," ते हात जोडल्यासारखे करून म्हणाले. "मैंने पूरा ज़िंदगी ट्रक चलाया, ऐसा चीज़ नहीं देखा." बोगद्याच्या आधी गाडी डोंगरातच गोल गोल फिरून चढते, त्यामुळे वासेन गावातलं एकच चर्च खिडकीतून तीनदा दिसतं — आधी वर, मग समोर, मग खाली. "चर्च तीन दफा दिखना चाहिए," असं त्यांनी मला तीन दफा सांगितलं.

आम्ही कामाला लागलो. बिजूने रूळ टाकून त्यावर कंट्रोलरने चालणारी छोटी गाडी बसवली. हमीदभाईंनी थर्माकोल, प्लास्टर आणि जाळी घेऊन असा डोंगर उभा केला की बिस्किटवाल्यांचा मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत बघायला यायचा. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत हमीदभाई भुवयांपर्यंत पांढरे होऊन शिखरांवर बर्फ चाळतायत. त्यांनी आयुष्यात बर्फ फक्त मासळीखाली पाहिला होता.

डोंगर होत आला तेव्हा अबू सईद पुन्हा आले. या वेळी एकटेच, ड्रायव्हरला बाहेर ठेवून. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एक काम और. गाड़ी में दो नफर बिठाना है."

दोन माणसं. एक ते आणि एक त्यांची बायको, उम्म सईद.

मग गोष्ट सांगितली. लग्न नवीन होतं, धंदाही नवीन. मिलानला टाइल्स बघायला निघाले होते, बायकोला युरोप दाखवायचं म्हणून झुरिकहून गाडी धरली. त्यांच्या अंगात तपकिरी सूट ("बहुत टाइट," ते म्हणाले), बायकोच्या डोक्यावर हिरवा स्कार्फ. गोशेनेनला गाडी थांबली. बायको म्हणाली डोकं दुखतंय, चहा पाहिजे. हे उतरले. पुढे रांग होती, चहावाली बाई सावकाश काम करणारी... आणि गाडी सुटली.

उम्म सईद तेव्हा वीस-बावीस वर्षांची. अरबी सोडून एक शब्द येत नव्हता. त्या काळ्या बोगद्यातून एकटी गेली, ऐरोलोला उतरली आणि तिथल्या बाकावर बसून राहिली. हे मागच्या गाडीने आले, हातात तिच्यासाठी घेतलेला चहाचा कप तसाच धरून. चहा बर्फ झाला होता.

"चालीस साल हो गया," अबू सईद म्हणाले. "हर शादी में, हर ईद में, सबको बोलती है — ये आदमी मुझे पहाड़ में छोड़ के चाय पीने गया. मैं बोलता हूँ, पिया नहीं, लाया! कोई नहीं सुनता."

मी हसू दाबत होते. मग ते काठीवर हनुवटी टेकवून बसले.

"उसका दिल का ऑपरेशन है. डॉक्टर बोला, इन्शाल्ला ठीक होगा. लेकिन अंदर अकेला जाना पड़ता है ना मॅडम. अंधेरे में एक दफा अकेला भेजा मैंने उसको. दूसरी दफा भेजने से पहले... एक बार साथ में टनल पार करना है. खिलौना है, मालूम है मुझे. फिर भी."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी सांगितलं, "करून देते." पाटणकरांना विचारलंही नाही.

ग्रेसने दोघांना घडवलं. बसलेल्या पोजमधली माणसं, उंची दोन सेंटिमीटरला जरा कमीच. तपकिरी सूट, हिरवा स्कार्फ. तिसऱ्या डब्यात खिडकीशी शेजारी शेजारी चिकटवली, वर डब्याचं छत बसवून तेही सील केलं. मग दुपारी चहा घेऊन सगळे जमलो आणि बिजूने कंट्रोलर फिरवला. गाडी चढली. चर्च एकदा, दोनदा, तीनदा. गोशेनेन. बोगद्यात शिरली, आपण एक जांभई द्यावी तेवढ्यात ऐरोलोला बाहेर आली. टाळ्या.

"मॅम," ग्रेस म्हणाली, "व्हेअर इज द ओल्ड मॅन?"

हिरवा स्कार्फ खिडकीत होता. शेजारची जागा रिकामी.

मला वाटलं आतल्या आत पडला असेल. छत उचकटलं, डबा उलटा करून आपटला. काही नाही. हमीदभाई खालच्या झडपेतून डोंगरात डोकं घालून टॉर्च मारत होते आणि तेवढ्यात बिजू, जो कधीच आवाज चढवत नाही, तो ओरडला, "मॅडम!"

गोशेनेनच्या फलाटावर आम्ही एक बाक ठेवला होता. त्यावर अबू सईद बसले होते. व्यवस्थित, गुडघे जुळवून.

इथे तुमच्यातले अनुभवी लोक म्हणतील, 'मग काटा आला'. मला काटा आला नाही, मला राग आला. कोणाची ही मस्करी? मी तिघांना चांगलं फैलावर घेतलं. मग इपॉक्सीने चिकटवलं, खिडक्यांना आतून अ‍ॅक्रिलिक लावलं, आणि सगळ्यांना हात डोक्यावर ठेवून भिंतीला उभं केलं — पाटणकरांनासुद्धा. कंट्रोलर मी स्वतः फिरवला. गाडी आत गेली, बाहेर आली. हिरवा स्कार्फ एकटा. गृहस्थ बाकावर.

"माझे हात वरच होते हां," पाटणकर म्हणाले.

वर्कशॉपच्या छताला लावलेल्या कॅमेऱ्यात बघितलं. गाडी बोगद्यात शिरते, बाक रिकामा. पुढच्याच क्षणी बाकावर माणूस. मध्ये हात नाही, सावली नाही, काही नाही. ग्रेस भिंग घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मॅम, देअर इज अ कप इन हिज हँड. आय डिडन्ट पेंट एनी कप."

खरंच हातात पांढरा ठिपका होता. मी नखाने खरवडला, निघाला नाही.

पाटणकरांचं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. त्यांनी सुचवलं, फलाटावरचा राहू दे तिथेच, डब्यात दुसरा बसव. ग्रेसने दुसरा केला. गाडी सोडली... बाकावर दोन अबू सईद. पाटणकरांना वाटलं अजून एक बघू. बाकावर तीन अबू सईद, तिघेही तपकिरी सुटात, तिघांच्याही हातात कप, जणू कुठल्या कमिटीची मीटिंग भरलीय. ग्रेस म्हणाली, ब्राऊन पेंट संपला.

मग बिजूने एक शोध लावला. गाडी उलटी सोडली, म्हणजे ऐरोलोकडून गोशेनेनकडे, तर गृहस्थ गुपचूप डब्यात बसून राहतात. फक्त मिलानला जाताना उतरतात.

"मग प्रॉब्लेम काय आहे? उलटी चालवू!" पाटणकर.

"साहेब, ज्या माणसाला चर्च किती वेळा दिसतं ते पाठ आहे त्याला मिलान कुठल्या बाजूला ते कळणार नाही?"

घरी सांगितलं तर नितीन म्हणाला, सुट्टी घे. आमची अनया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स प्रॉबब्ली स्टॅटिक." सायन्सला नव्वदच्या वर मार्क आहेत तिला. कुठली स्टॅटिक माणसाला उतरवून चहा घेऊन देते, हे मी विचारलं. त्यावर "व्हॉटेव्हर" असं उत्तर आलं.

हँडओव्हर गुरुवारी होता आणि रविवारी उम्म सईद हॉस्पिटलमध्ये दाखल होणार होत्या. म्हणजे तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. बुधवारी दुपारी जेवताना मी नेहमीसारखा बाबांना फोन लावला. बाबा कुडाळजवळ राहतात, आमच्या घरातलं आणि वाडीतलं गाऱ्हाणं तेच घालतात. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते — आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. विहीर खणा, घर बांधा, काजू लावा, आधी नारळ ठेवून त्याला मोठ्याने सगळं सांगायचं, मागायचं ते मागायचं, आणि मागे उभे असलेल्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. लहानपणी मला फक्त ते 'होय महाराजा' आवडायचं, कारण त्यानंतर खोबरं मिळायचं.

मी बाबांना सगळं हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

"गो बाय, डोंगर फोडलंस आणि राखणदाराक इचारूक नाय?"

"बाबा, थर्माकोलचा डोंगर आहे!"

"मातयेच्या गणपतीत देव येता मा? मगे थर्माकोलाच्या डोंगरात राखणदार कित्याक येवचो नाय?"

आता यावर आर्किटेक्चरच्या कॉलेजात काही शिकवलेलं नाही. मी म्हटलं, बरं, मग तुम्ही व्हॉइस नोट पाठवा, स्पीकरवर लावते.

"राखणदार मोबाईल वापरणा नाय. तुयाच घाल."

"मी? तुम्हीच तर म्हणायचा, बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं!"

बाबांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "थय दुसरा कोण आसा? तो पुण्याचो?"

तो पुण्याचा तर नक्कीच नव्हता. मी हमीदभाईंना नारळ आणायला पाठवलं. सुपरमार्केटमधून ते जे घेऊन आले ते सोलून गुळगुळीत केलेलं, वर बारकोडचा स्टिकर. "शेंडी पाहिजे हो," मी म्हटलं. ते परत गेले आणि एका मलबारी दुकानातून शेंडीवाला घेऊन आले. बाबांना किंमत सांगितली, साडेचार दिरहम, म्हणजे शंभराच्या वर रुपये. बाबा म्हणाले, एवढ्यात राखणदाराने ऐकलंच पाहिजे.

आणि मग भर दुपारी, व्हॅनिलाच्या वासात, मी हात जोडून स्वित्झर्लंडसमोर उभी राहिले. मागे ओळीने पाटणकर, बिजू, ग्रेस आणि हमीदभाई. हमीदभाईंना 'होय महाराजा' आधीच येत होतं. "आमच्या गावच्या पालखीला आम्ही पण असायचो मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही सुरू करा, मी बाकीच्यांना सांभाळतो."

"बा देवा महाराजा..." माझा आवाज चिरकला. "ह्या गोत्थार्ड डोंगराच्या राखणदारा महाराजा..."

"होय महाराजा!" हमीदभाई गरजले. बाकीचे दचकले आणि मागोमाग म्हणाले.

"वरल्या खिंडीच्या, मधल्या बोगद्याच्या, खालच्या लांब बोगद्याच्या मालका महाराजा..."

"होय महाराजा!" ग्रेस 'ओय' म्हणत होती, पण मनापासून.

"आमी तुझ्या पोटात भोक पाडला, आणि तुका इचारूक इसारलाव. ता चुकला. लेकरांका पदरात घे महाराजा..."

"होय महाराजा!" या वेळी पाटणकरांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांचे डोळे मिटलेले होते.

आता मुख्य मागणं. बाबांनी पढवलं होतं — 'ह्या पावण्याक डब्यात नीट बसव', एवढंच म्हण, फाटे फोडू नको. पण माझी नजर मॉडेलवर गेली. इकडे बाकावर हा, तीन रूपांत, कप धरून बसलेला. तिकडे ऐरोलोला उभ्या असलेल्या गाडीत ती एकटी, हिरव्या स्कार्फमधली. मध्ये आख्खा डोंगर. मला एकदम भरून आलं, आणि पढवलेलं सगळं विसरून तोंडातून निघालं ते असं —

"ह्या दोघांची परत ताटातूट करू नको महाराजा! खय ठेवशीत थय ठेव, पण एकत्र ठेव!"

"होय महाराजा!"

"आणि काम झाला तर तुझ्या जाग्यार येऊन नारळ दितंय!"

"होय महाराजा!"

नारळ आत फोडू द्यायला बिजू तयार नव्हता, पाणी सर्किटवर जाईल म्हणून. पार्किंगमध्ये फोडला. बिस्किटवाल्यांचा वॉचमन खोबरं घेऊन गेला. मग ग्रेसने बाकावरच्या तिघांतून पहिला उचलला आणि डब्यात बसवला, बाकीचे दोन मी ड्रॉवरमध्ये ठेवले. बिजूने गाडी सोडली.

चर्च, चर्च, चर्च. गोशेनेन. बोगदा. ऐरोलो.

दोघंही डब्यात होते! पुन्हा सोडली, पुन्हा दोघं. परत परत सोडली. पाटणकरांनी हमीदभाईंना मिठी मारली. मी बाबांना फोन करून सांगितलं. ते खूश झाले, पण नेमके शब्द काय वापरलेस ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "डब्यात बसव असा सांगूक होया हुता गो." मी म्हटलं, अहो, झालंय ना काम.

गुरुवारी मिर्दिफला अबू सईदच्या बंगल्यातल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या दालनात, मॉडेल लावलं. मुलं, सुना, इंग्रजीत भांडणारी नातवंडं, सगळे जमलेले. उम्म सईद व्हीलचेअरवरून आल्या. लहानखुऱ्या, जाड चष्मा, आवाज नवऱ्याच्या दुप्पट. त्यांनी डोंगराभोवती खुर्ची फिरवायला लावली. रस्ता बघितला, चर्च बघितलं. तिसऱ्या डब्यापाशी थांबल्या, ग्रेसकडून भिंग घेतलं आणि आत डोकावल्या.

"ये कौन है?"

"तुम," अबू सईद म्हणाले.

"वो मालूम है. बाजू में कौन है?"

अबू सईदनी स्वतःकडे बोट दाखवलं.

"झूठ!" उम्म सईद म्हणाल्या. "ये मेरे साथ नहीं था! ये चाय पीने गया था!"

सगळी मजलिस हसली. नातवंडांनासुद्धा ही गोष्ट पाठ असावी, एक पोरगा म्हणाला, "हिअर वी गो." फक्त अबू सईद हसले नाहीत. ते काठीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मालूम है. इस दफा साथ में जाना था, इसलिए बिठाया."

उम्म सईदनी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं. मग बिजूला म्हणाल्या, "यल्ला. चलाओ."

कंट्रोलर त्यांनी स्वतःच्याच हातात घेतला. गाडी निघाली. चर्च तीनदा दिसलं, तिन्ही वेळा त्यांनी बोट दाखवलं. गोशेनेन आलं. बोगद्यात शिरताना मी स्वतः बघितलं, शपथेवर सांगते — खिडकीत दोघं होते.

ऐरोलोला गाडी बाहेर आली. तिसरा डबा रिकामा.

नवरा तर नाहीच, हिरवा स्कार्फही नाही. रविवारी ऑपरेशन, आणि मी त्या बाईला तिचीच रिकामी जागा दाखवत होते. पाटणकर माझ्या मागे पुटपुटत होते, "होय महाराजा, होय महाराजा..." अबू सईदचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅम," ग्रेसने माझा हात घट्ट धरला. "द बेंच."

गोशेनेनच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले होते. तपकिरी सूट आणि हिरवा स्कार्फ. ग्रेसने भिंगातून बघितलं आणि दोन बोटं वर केली. दोन कप.

उम्म सईदनी भिंग मागून घेतलं. त्या वाकून बघत राहिल्या, आणि तिकडे गाडी ऐरोलोहून पुढे मिलानच्या दिशेने रिकामीच चालली होती. बिजू घाईघाईने ती थांबवायला पुढे झाला.

"छोड़ो," उम्म सईद म्हणाल्या. भिंग मांडीवर ठेवलं आणि नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. "गाड़ी को जाने दो."

अबू सईद सगळ्यांसमोर रडले. खरं तर मीही रडले. पाटणकर एसीची हवा डोळ्यांत गेली म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. उम्म सईद आता कुठल्याही लग्नात ती गोष्ट सांगतात, फक्त शेवट बदललाय: 'मैं भी उतर गई.' ते दोघं अजून त्या बाकावर आहेत. बिजू मेंटेनन्सला गेला की आधी तेच बघतो. त्यांना कशानेही चिकटवलेलं नाही, नातवंडं डोंगर हलवून बघतात, ते पडत नाहीत. ड्रॉवरमधले दोन जादा अबू सईद मात्र काही केल्या सापडत नाहीत, आणि मी शोधायचं सोडून दिलंय. मी कॅमेऱ्याचं फुटेज परत परत बघितलं, गोंदाच्या कंपनीला मेल लिहिला, थरथर मोजली. माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडे असेल तर कृपया लिहा, फक्त 'स्टॅटिक' लिहू नका.

बाबांच्या मते उत्तर सरळ आहे. मी 'डब्यात बसव' म्हटलं नाही, 'एकत्र ठेव' म्हटलं, आणि राखणदाराने ऐकलं. त्यांना काळजी दुसरीच आहे. 'तुझ्या जाग्यार येऊन नारळ दितंय' असं मी चार साक्षीदारांसमोर बोलून बसलेय आणि तो नारळ अजून बाकी आहे.

तेव्हा पुढच्या महिन्यात आमची स्वित्झर्लंडच्या व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. नितीनला मी सगळं खरं सांगितलं. तो खो-खो हसला, कस्टमवाल्यांना शेंडी कशी समजावणार ते विचारलं, आणि मग म्हणाला, "त्या गोशेनेनला चहा मिळतो का अजून? तू बस डब्यात, मी उतरून घेऊन येईन."

मी त्याला तिथल्या तिथे सांगितलंय — उतरायचं तर दोघांनी.